एंटर आपल्या बोटाने

३ फेब्रुवारी

घाईबाईस,

आशीर्वाद लिहीत नाही. घेणार नसलीस तर उगाच शाई कशाला घालवू?

फोन तू उचलत नाहीस. मेल पाठवला की तिथल्या तिथे परत येतो. म्हणून कागद. टपाल नाकारायचं तरी माणसाला दारापर्यंत यावं लागतं, तेवढे तरी कष्ट घे. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तूच दिलास. मला नाही, आमच्या ऑफिसला. पाणी तपासणाऱ्या ज्या नव्या प्रयोगशाळेत तू नोकरीसाठी अर्ज केलास, तिने तुझ्या पडताळणीचा फॉर्म पाठवलाय, त्यावर तुझा पत्ता आहे. दोन वर्षं चार महिने मी ज्या पत्त्यासाठी जीव टाकत होते, तो एका फॉर्मच्या कोपऱ्यात टाइप होऊन आला.

साहेबांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचीच बहीण, तुम्हीच भरा," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मी आता संगणक विभागाची प्रमुख आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. अभिनंदन नको.

फॉर्म एक पानी आहे. सातवा प्रश्न: नोकरी का सोडली? नववा: कामात गंभीर चूक किंवा निष्काळजीपणा झाला होता का, असल्यास तपशील. खाली विभागप्रमुखाची सही. अठ्ठावीस तारखेच्या आत पोचला नाही, तर तुझा अर्ज रद्द. नवव्या प्रश्नावर "हो" लिहिलं, तरी रद्दच. आपल्या धंद्यात हातून डेटा उडालेल्या बाईला दुसऱ्यांदा सर्व्हरजवळ कोण बसवेल?

म्हणजे बघ, घाईबाई, आलीस ना शेवटी माझ्याच हाताखाली!

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी बावीसची. वेण्या घातल्या, डबे दिले, तापात उशाशी बसले. पुढे ही नोकरीही मीच लावून दिली. संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा कशी लिहायची, हे तुला माझ्या मांडीला मांडी लावून शिकवलं. आणि तू चौकशीनंतर चौथ्या दिवशी एक बॅग उचलून चालती झालीस. टेबलावर चिठ्ठीसुद्धा नाही. छत्रीही विसरलीस, ती अजून दारामागे आहे.

मला दोन ओळी लिही. फार नको. "ताई, चुकलं" एवढं जरी लिहिलंस तरी मी फॉर्म असा भरीन की वाचणाऱ्याला वाटेल, ही मुलगी आम्ही सोडलीच कशी.

ताई


८ फेब्रुवारी

घाईबाई,

पाच दिवस झाले. तुझ्या गावचं टपाल दोन दिवसांत पोचतं, मी चौकशी केली आहे.

ठीक आहे. मग मी चौकशीच्या अहवालात जे आहे तेच फॉर्मवर उतरवते. अहवाल माझ्यासमोर आहे. तुला वाचून दाखवते, तुला तेव्हा वाचायचा धीर झाला नव्हता.

त्या सोमवारी बियाणेबाईंना त्यांच्या जुन्या नोंदींतली एक संख्या हवी होती. बियाणेबाई म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. अकरा वर्षं रोज ओल्या कागदावर शंभर शंभर बिया मांडून त्यातल्या किती उगवल्या ते मोजणारी बाई. ते सगळे आकडे प्रयोगाच्या सामायिक लॉगिनमध्ये होते. तू एरवी तुझ्या स्वतःच्या लॉगिनमध्येच काम करायचीस. त्या दिवशी बाईंच्या आग्रहाने सामायिक लॉगिनमध्ये शिरलीस आणि नोंदींच्या फोल्डरमध्ये गेलीस. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाकायची आज्ञा चालली. हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या आज्ञांच्या नोंदीत, ती ओळ स्वच्छ दिसते, वेळेसकट. बरोबर बारा वाजता सर्व्हरने रोजच्यासारखी दुसरी प्रत घेतली. फोल्डर रिकामं होतं, त्यामुळे जुनी प्रत जाऊन रिकामीच प्रत राहिली. ती वेळेत थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा वर्षं गेली.

तुझं म्हणणं अहवालात एका वाक्यात आहे: "ही ओळ मी टाइप केलेली नाही." एवढंच! अगं, हिस्टरीत ओळ आहे, खुर्चीत तू आहेस, आणि मी टाइप केली नाही म्हणतेस. लहानपणी कप फुटला की असंच म्हणायचीस.

घाई नडली तुला, दुसरं काय. तुझी बोटं डोक्याच्या पुढे धावायची. फोल्डरमध्ये काय आहे त्याची यादी दाखवायची आज्ञा दोनच अक्षरांची, एल आणि एस, पण तुझा एस कायम आधी पडायचा. मग कंट्रोल आणि टी दाबून तू ती दोन अक्षरं जागच्या जागी उलटी करायचीस. इतक्या वर्षांत ते बटण वापरणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. साधं पुसून परत लिहायला काय होतं म्हणते मी?

माझं मनगट तुला आठवत असेल. उजवं. तेव्हा सकाळी दाराची कडीसुद्धा उघडवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, टायपिंग कमी करा. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला टायपिंग कमी करा म्हणणं म्हणजे शिंप्याला कात्री लावू नका म्हणण्यासारखं. मी काही रजा घेऊन बसले नाही. शेलच्या, म्हणजे त्या काळ्या खिडकीच्या, सेटिंगच्या फाईलमध्ये एक एक करत सगळे शॉर्टकट बदलले. जी आज्ञा दिवसातून वीसदा लागते ती डाव्या हाताच्या दोन बोटांखाली आणली. लॉग बघायचा, कंट्रोल आणि जी. सर्व्हर बदलायचा, कंट्रोल आणि एफ. महिन्याभरात मी एका हाताने तुम्हा सगळ्यांच्या दोन हातांपेक्षा जास्त काम करत होते. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे.

आणि तुला पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम? शॉर्टकटमध्ये आज्ञा कितीही लांब भर, पण शेवटी एंटर घालू नकोस. ओळ नुसती समोर येऊ दे. ती वाचायची आणि एंटर आपल्या बोटाने दाबायचा. तू ते वहीत लिहून घेतलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं तुझं.

लिही काहीतरी. छत्री पाठवू का?

ताई


१४ फेब्रुवारी

तर तुझं कार्ड आलं.

"ताई, फॉर्मवर जे झालं ते लिही. घाई."

बस. ना प्रिय, ना नमस्कार, ना तब्येत कशी आहे. मनगटाचं एका शब्दाने विचारलं नाहीस. जे झालं ते लिही! काय तोरा! मी इथे तुझी नोकरी वाचवायची म्हणून धडपडतेय आणि तू मला कार्डावरून हुकूम सोडतेस. मी ते कार्ड फाडणार होते. मग तुझं अक्षर बघितलं आणि ठेवून दिलं. अक्षर अजून तसंच तिरकं आहे, ओळ संपता संपता वर चढणारं.

जे झालं ते लिहायचं म्हणतेस ना? मग ऐक. पण आधीच सांगते, यात माझी काही फार मोठी चूक आहे असं मी मानत नाही. दुखणाऱ्या माणसाला सवलत असते.

रोज कॅमेऱ्यांतून बियांचे कच्चे फोटो यायचे. ते तपासून झाले की तात्पुरतं फोल्डर रिकामं करायचं, आणि हे दिवसातून पंधरा-वीस वेळा. ते काम सामायिक लॉगिनमध्येच चालायचं. म्हणून त्या लॉगिनच्या फाईलमध्ये मी एक शॉर्टकट घातला होता. आधी समोर जे काही अर्धवट लिहिलेलं असेल ते पुसायचं, मग "आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते रिकामं करा" ही आज्ञा लिहायची. त्यासाठी एक मोकळं बटण हवं होतं, डाव्या हाताच्या टप्प्यातलं. बहुतेक बटणं मी आधीच वापरून टाकली होती. कंट्रोल आणि टी राहिलं होतं. म्हटलं, हे कोण वापरतं.

हो. म्हटलं, हे कोण वापरतं. तू आठवली नाहीस मला. तू तुझ्या लॉगिनमध्ये असायचीस.

आणि हो, शेवटी एंटर घातला होता मी. एंटर कुठे असतो? उजवीकडे. उजव्या हाताच्या करंगळीने दाबावा लागतो. दिवसातून वीस वेळा ती कळ कोपरापर्यंत जायची. तू कधी सोसली आहेस? मी स्वतःपुरता नियम मोडला, तोही अकरा दिवसांपुरता. हात बरा झाला की काढून टाकणार होते.

तेव्हा बाई, तू बसलीस, एसएल लिहिलंस, सवयीने कंट्रोल आणि टी दाबलंस, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. हिस्टरीत ओळ हातांनी लिहिल्यासारखीच उमटते, तिथे काही फरक दिसत नाही. तू टाइप केली नव्हतीस. खरं बोलत होतीस.

झालं समाधान? आता तुला माहीत झालं. मला वाटतं, हे आपल्या दोघींत राहिलं तरी पुरे. ज्या बाईला दोन वर्षांत ताईची आठवण आली नाही, तिच्यासाठी मी एवढं तरी का करावं, ते मलाच कळत नाही.

ताई


२० फेब्रुवारी

घाई,

परवापासून कार्ड टेबलावर समोर ठेवलंय. "जे झालं ते." मागच्या पत्रात मी झालं ते सगळं लिहिलं नाही. लिहिते. वाचून शिव्या घाल.

तू हाक मारलीस तेव्हा पावणेबारा झाले होते. मी धावत आले. तुझा चेहरा पांढराफटक. मी पडद्याकडे बघितलं, आणि ती ओळ बघताच मला कळलं. एका क्षणात कळलं, घाई. ती ओळ मीच लिहिलेली होती, माझ्याच पद्धतीची, मध्ये एक जागा जास्त सोडायची माझी खोड असलेली. आणि तू माझी बाही ओढून म्हणालीस, "ताई, बाराची प्रत थांबव ना, तुझ्याकडेच पासवर्ड आहे." पंधरा मिनिटं होती. पासवर्ड टाकायला दहा सेकंद लागतात. मी म्हटलं, "थांब जरा, आधी बघू दे काय करून ठेवलंस तू." हे माझे शब्द. मी पडद्यासमोर उभी राहून हाच विचार करत होते की सेटिंगची फाईल आत्ता उघडली तर कुणाला दिसेल का. तू आणखी दोनदा म्हणालीस. मग बाराचे टोले पडले.

अहवालात "कुणाच्या लक्षात आलं नाही" हे वाक्य माझं आहे. मीच लिहून दिलं होतं.

चार वाजता सगळे बियाणेबाईंच्या खोलीत जमले होते. बाई रडत नव्हत्या, नुसत्या एक एक खण उघडून बंद करत होत्या. तेव्हा मी जाऊन ती एक ओळ फाईलमधून काढली. दुखऱ्या हातानेच काढली.

गुरुवारी चौकशी. तू म्हणालीस, ही ओळ मी टाइप केलेली नाही. साहेब माझ्याकडे वळले. मी तिथे जाणकार म्हणून बसले होते! त्यांनी विचारलं, "असं होऊ शकतं का हो? माणसाने न लिहिता ओळ येऊ शकते?" तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, मदतीसाठी बघतेस. मी म्हटलं, "नाही. मशीन आपल्या मनाने काही लिहीत नाही." मग म्हणालीस, "मग मीच केलं असेल." आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलास, कारण मला ठसका लागला होता.

का केलं विचारशील. नोकरीची भीती होती, हे खरंच. पण तेवढंच असतं तर मी संध्याकाळी घरी येऊन तुझे पाय धरले असते. त्याच्या महिनाभर आधी साहेबांनी मला खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, "तुमच्या हाताला आता आराम द्या, पुढच्या वर्षी विभाग धाकटीकडे सोपवू म्हणतो. तिची नजर चांगली आहे." माझ्या तोंडावर! मी शिकवलेली मुलगी. मी घरी येऊन तुला सांगितलं नाही. तू त्या दिवशी माझ्या मनगटाला शेक दिलास, आणि मला तुझ्या हातांचा राग आला. दोन्ही कसे धडधाकट, कसे झरझर चालणारे. चौकशीत "नाही" म्हणताना मला वाईट वाटलं, पण त्या वाईटाच्या खाली थोडं बरंही वाटलं. लिहिलं बाई. आता उलटं फिरवता येत नाही.

पण पुढचंही ऐक. मी सगळं कबूल केलं तर माझी नोकरी जाईल, हे नक्की. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. या हाताने मला दुसरं कोण ठेवेल? त्यापेक्षा सातव्या प्रश्नावर "स्वतःच्या मर्जीने" आणि नवव्यावर "नाही" लिहिते. तुला नोकरी मिळते, मला झाकता येतं, कुणाचं काही जात नाही. साहेबांनाही चालेल, मी आडून विचारलं. तू फक्त "बरं" म्हण. एक शब्द.

ताई


२४ फेब्रुवारी

घाई,

तुझं "बरं" आलं नाही. येणार नाही हे आता कळलं.

आज रविवार. तुझा जुना संगणक कपाटावर धूळ खात होता. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंना हवा होता, म्हणून म्हटलं, आधी आत तुझं काही आहे का बघावं. चालू झाला. तुझ्या नावाच्या फोल्डरमध्ये "ताईचे शॉर्टकट" नावाची फाईल होती. मला हसू आलं. मला वाटलं, नवखी असताना माझी फाईल उतरवून घेतली असशील.

उघडली. आमच्या सामायिक लॉगिनचीच फाईल. माझे सगळे शॉर्टकट. कंट्रोल आणि जी, कंट्रोल आणि एफ. आणि कंट्रोल आणि टी. ती ओळ, एंटरसकट, मधल्या जास्तीच्या जागेसकट. मी चार वाजता जी जगातून पुसली असं समजत होते, ती दोन वर्षं चार महिने माझ्याच घरात, माझ्याच कपाटावर होती.

सगळ्यात वर तू तुझ्या टिपा लिहायच्या सवयीने लिहिलंयस: "सोमवार, बारा वाजून पाच मिनिटांनी घेतलेली प्रत." म्हणजे टोले पडल्यावर पाच मिनिटांत तुला कळलं होतं. कळणारच. काय दाबलं हे तुझ्या बोटांना माहीत होतं. मी बियाणेबाईंकडे पळाले, तेव्हा तू फाईल उघडून बघितलीस आणि एक प्रत काढून घरी आणलीस. आणि त्या ओळीच्या डोक्यावर संध्याकाळची वेळ घालून टीप लिहिलीस. ती जशीच्या तशी उतरवते:

"हे ताईचं आहे. हात दुखतो म्हणून एंटर घातलाय. मी काही बोलणार नाही, ती स्वतः सांगेल. वाट बघते."

घाई, तू ती फाईल पिशवीत घालून चौकशीला आणू शकली असतीस. नुसतं छापून टेबलावर ठेवलं असतंस तरी माझं तोंड बंद झालं असतं. साहेबांनी मला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, ते मदत मागायला नव्हे. मला संधी द्यायला. आणि मी काय म्हणाले ते मला माहीत आहे.

त्यानंतर चार दिवस तू याच घरात होतीस. माझा चहा केलास. मनगटाला पट्टा बांधून दिलास. मी रोज मनात म्हणायचे, बरं झालं, हिला काही कळलं नाही. आणि तू रोज वाट बघत होतीस, की ही आज सांगेल, आत्ता सांगेल. चौथ्या दिवशी बॅग भरलीस. मी लोकांना सांगत सुटले, बघा कशी कृतघ्न, चिठ्ठीसुद्धा नाही ठेवली.

चिठ्ठी ठेवली होतीस. मी उघडली नाही.

मी दुपारभर त्या खुर्चीत बसून होते. शिकवणीवाल्या बाई आल्या, त्यांना म्हटलं, नाही हो, हा देता येणार नाही. मला स्वतःची इतकी घाण वाटली नव्हती कधी.

ताई


२७ फेब्रुवारी

घाई,

झालं ते सांगते, क्रमाने.

मंगळवारी तुझी फाईल छापून साहेबांकडे नेली. सोबत माझा जबाब, दीड पान. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "अहो, दोन वर्षं झाली याला. आता कशाला उकरून काढता? स्वतःच्या मर्जीने सोडली असं लिहा आणि मोकळ्या व्हा. विभाग कोण बघणार मग?" मी म्हटलं, ज्यांची नजर चांगली होती त्यांना तुम्ही घालवलंत. ते म्हणाले, "मी घालवलं? मी तुम्हाला विचारलं होतं." जबाब त्यांना दाखल करून घ्यावा लागला. सामायिक लॉगिन माझ्याकडून काढलं आहे, विभागही. पुढचं वरून कळेल. ते बरं असणार नाही, आणि त्याबद्दल तू वाईट वाटून घेऊ नयेस.

मग बियाणेबाईंकडे गेले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. तिसरं वर्ष चालू आहे. आता आकडे कागदावरही लिहून ठेवतात, संगणकावर भरवसा नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी चिमट्याने बिया मोजणं थांबवलं नाही. शंभर पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "जाताना ती माझ्या दारात आली होती. 'येते बाई' म्हणाली. मी मान वर केली नाही." मग पुढचा कागद ओला करायला घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, म्हणून बहुतेक दिल्या नाहीत. अकरा वर्षं काही परत येत नाहीत, घाई. ती मी कशानेच भरून देऊ शकत नाही.

फॉर्म भरला. सातवा प्रश्न: "दुसऱ्याच्या चुकीचा ठपका घेऊन." नववा: "हो, झाली होती. कर्मचाऱ्याकडून नाही, माझ्याकडून." खाली तपशील, कंट्रोल आणि टीपासून माझ्या "नाही"पर्यंत. सही उजव्या हाताने केली. दुखलं. नियमाप्रमाणे आधी सगळं एकदा वाचलं. मग स्वतः टपालात जाऊन स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवला, शिपायाकडे दिला नाही. उद्या मुदतीत पोचेल. ते तुला घेतील की नाही, ते माझ्या हातात नाही. ज्यांना एवढी भानगड वाचायला लागते ते कदाचित दुसऱ्या कुणाला घेतील. तसं झालं तर तेही माझ्याच खात्यावर मांड.

या पत्रासोबत छत्री पाठवतेय. तिची एक काडी वाकली होती, सरळ करून घेतली.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून काही उकळायचा मला आता हक्क नाही. कार्डही पाठवू नकोस.

दाराची कडी सैल केली आहे, एका बोटाने उघडते. तू दोन वर्षं चार महिने वाट बघितलीस. आता मी बघते.

तुझी ताई